मुक्काम कोठे करावा

अक्षय तृतीया झाली, वर्षीतपाची पारणी आटोपली, मुलांचे निकाल हाती आले की व्यापारी घरांतून एकच विषय निघतो: यंदा थंड हवेला कोठे जायचे? गावाचे नाव सहसा लवकर ठरते. उतरायचे कोठे, हा प्रश्न मात्र आठ-आठ दिवस सुटत नाही. इतरांना खोलीतून दरी दिसते की नाही एवढेच पाहावे लागते. चोविहार पाळणाऱ्या आणि कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या कुटुंबाला खोलीच्या आधी त्या जागेचे स्वयंपाकघर पाहावे लागते, आणि स्वयंपाकघराच्याही आधी घड्याळ.

वाशीतील एका घरात हा प्रश्न असाच निघाला. कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले, ओसवाल, स्थानकवासी. आजोबांचा कडधान्याचा व्यापार मशीद बंदरला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दाणाबाजार तुर्भ्याला आला, तेव्हा गाळाही आला आणि त्यामागोमाग बिऱ्हाडही खाडी ओलांडून आले. आता गाळ्यावर दोन भाऊ बसतात. घरात त्यांची आई आहे. तिला मुले, सुना, नातवंडे आणि शेजारीसुद्धा ‘बाई’ म्हणतात. बाईंचे वय बाहत्तर. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि त्यानंतर घर ते स्थानक आणि स्थानक ते घर याखेरीज त्या कोठे गेल्या नव्हत्या. वाशीच्या मे महिन्यात अंगाला घामाची चिकटी सुटत नाही, रात्रीसुद्धा खाडीवरून येणारा वारा ओला असतो. बाईंचे गुडघे आणि श्वास दोन्ही त्या उन्हाळ्यात कुरकुरू लागले होते. डॉक्टरांनी सहज म्हटले, “चार दिवस कोठेतरी वर घेऊन जा.” एवढ्यावरून घरात बैठक भरली.

माथेरान सर्वांत जवळ. नेरळ गाठले की चढ सुरू होतो. ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टराने १८५० मध्ये ते शोधले आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशांतून तेथे छोटी गाडी गेली, हे नातवाने शाळेत वाचलेले होते. पण माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा, त्या वेळी, माणसाने ओढायच्या रिक्षात. अलीकडे काही ई-रिक्षा आल्या आहेत, पण हंगामात त्यांच्यापुढे रांगा असतात. बाईंनी शांतपणे सांगितले, “घोड्यावर माझे वजन घालणार नाही, आणि माणसाने ओढलेल्या गाडीत तर बसणारच नाही.” माथेरान तेथेच मिटले.

धाकट्या सूनबाईंनी अबूचे नाव काढले. विमलवसही १०३१ ची, वस्तुपाल-तेजपालांची लूणवसही १२३० ची. घर मूर्तिपूजक नसले तरी देलवाड्याच्या त्या संगमरवराविषयी सर्वांनाच आदर. बाईंचे म्हणणे असे, की तिकडे जायचे तर त्या कामासाठीच जावे. हवा खायला जाऊन वाटेत देलवाडा उरकणे त्यांना पटेना. शिवाय थोरल्या भावाकडे चारच दिवस होते. तेव्हा महाबळेश्वर ठरले. वाशीहून पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने गेल्यास तो रस्ता जवळचा. पण पुण्याहून मुलगी आणि तिचा मुलगा बरोबर यायचे होते, म्हणून पुणे, वाई आणि पसरणीचा घाट. घरातली नऊ आणि पुण्याची दोन, एकूण अकरा माणसे.

येथपर्यंत एका रात्रीत झाले. मग जागेचा शोध सुरू झाला.

दाणाबाजारात माल घेताना व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो. तोच व्यापारी मुक्कामाची जागा मात्र मोबाईलवरची चार चित्रे पाहून पसंत करतो. थोरल्या भावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा अशी चित्रे रोज संध्याकाळी बापापुढे धरी. एका चित्रात पोहण्याचा तलाव होता आणि त्यापलीकडे निळी दरी. खाली ‘जैन जेवण उपलब्ध’ असे लिहिलेले. थोरल्याने फोन लावला.

“जैन जेवण मिळेल ना?”

“मिळेल की. आमच्याकडे निम्मे पाहुणे जैनच असतात.”

“बटाटा?”

“बटाटा असतो ना साहेब. कांदा-लसूण नसतो.”

“गाजर?”

“गाजर इथलेच. एकदम ताजे.”

“आणि रात्रीचे जेवण किती वाजता?”

“साडेसात ते साडेदहा.”

थोरल्याने आभार मानून फोन ठेवला. मे महिन्यात महाबळेश्वरला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे त्या जागेत जेवणघराचे दार उघडण्यापूर्वीच चोविहारवाल्यांचा दिवस संपलेला असणार. सकाळचीही तीच गत. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी येते, म्हणजे सातच्या आतच. आणि नाश्ता आठनंतर. बाहेर ‘जैन’ या शब्दाचा अर्थ कांदा-लसूण नसलेली भाजी एवढाच झाला आहे. त्या भाजीत काय आहे याहून ती किती वाजता ताटात पडते, हे आपल्या घरांत अधिक महत्त्वाचे असते, हे फोनवरच्या माणसाला कोणी सांगितलेलेच नसते. त्याचा दोष तरी कसा म्हणावा? विचारणाराच ‘जैन मिळेल ना’ असे मोघम विचारतो आणि ‘मिळेल’ हे उत्तर ऐकून सुखावतो.

या घराला त्याचा अनुभव आलेला होता. यजमान असताना, अशाच एका थंड हवेच्या ठिकाणी, ‘पूर्ण जैन’ म्हणून वाढलेले सूप बाईंनी घेतले आणि मागाहून वाढप्याने सहज सांगितले, की मूळ रस्सा सर्वांसाठी एकच असतो, जैनांच्या वाटीत वरून कांदा घालत नाहीत एवढेच. बाईंनी कोणाला दोष दिला नाही. परत आल्यावर तीन उपवास केले आणि स्थानकात महासतीजींकडून पच्चक्खाण घेतले, की यापुढे हॉटेलच्या चुलीवर शिजलेले अन्न घेणार नाही. तो नियम अजून चालू होता. म्हणजे जागा निवडताना अकरापैकी एका माणसासाठी प्रश्न आधीच अर्धा बंद झालेला होता.

महाबळेश्वरची एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा वाईकडचे खंडाळा गाव देऊन १८२९ मध्ये मिळवली. गावाला माल्कम पेठ हे नाव पडले ते त्यावरून. इंग्रजांनी पूर्वेकडून आणलेले चिनी कैदी तेथील तुरुंगात ठेवले होते. त्यांनी डोंगरउतारावर बटाटा आणि इतर विलायती भाज्यांचे मळे फुलवले. पुढे तेथील गाजरे आणि लाल मुळे प्रसिद्ध झाले. मधाचे तर ते माहेरच. त्याच तालुक्यातले मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. म्हणजे बटाटा, गाजर, मुळा आणि मध: लोक ज्या ज्या जिन्नसांसाठी महाबळेश्वरला जातात, त्यांतले जवळजवळ सर्व आपल्याला वर्ज्य. उरली स्ट्रॉबेरी. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी याच पट्ट्यात होते आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिच्या अंगावरचे दाणे पाहून बाई ती बहुबीज म्हणून बाजूला ठेवत. तेव्हा बाईंच्या वाट्याला महाबळेश्वरची हवा तेवढी राहिली. डॉक्टरांनी सांगितली होती तीही हवाच.

चित्रातली जागा बाद झाल्यावर थोरल्याने बाजारातल्या ओळखी काढल्या. वाईकडच्या एका व्यापाऱ्याने पाचगणीच्या अलीकडे एक बंगला सुचवला. चार खोल्या, पुढे व्हरांडा, आणि मुख्य म्हणजे स्वतंत्र स्वयंपाकघर, गॅससकट. थोरला भाऊ खुलला. “आपला ओटा, आपली भांडी, आपले गाळलेले पाणी. कोणाला काही विचारायला नको. सहाला जेवा नाहीतर पाचला जेवा.” भाडेही माणशी काढले तर त्या दरीवाल्या जागेच्या निम्म्याहून कमी. आपल्या घरांची ही जुनीच रीत आहे. पूर्वी मुंबईची सधन घराणी हंगामात बंगला घेत, बरोबर महाराज, पिठाचे डबे, तुपाचे घडे घेऊन जात. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी देवळाली, लोणावळा, माथेरान येथे निरनिराळ्या समाजांनी आरोग्यभवने उभारली. तेथे खोलीबरोबर चूल मिळे. नियम पाळायचा तर चूल आपल्या हाती हवी, असा त्यामागचा सरळ विचार. थोरल्याने बयाणा पाठवण्याचे ठरवले आणि रात्री निश्चिंत झोपला.

मोठ्या सूनबाई मात्र झोपल्या नव्हत्या. रात्री साडेदहाला बाई पाण्याचे भांडे झाकले आहे का ते पाहायला उठल्या, तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. ओट्यावर वही पडली होती आणि सूनबाई जमिनीवर बसून मूगडाळ निवडत होत्या. बाईंनी चष्मा लावून वही उचलली. दोन कुकर, तवा, पोळपाट-लाटणे, पाण्याचे गाळणे तीन, गव्हाचे पीठ सहा किलो, ज्वारीचे दोन, तूप, जिरे, हिंग, आमचूर, खाखऱ्यांचे दोन डबे, मुलांसाठी पुऱ्या, पुण्याच्या भाच्याला आवडतो म्हणून चिवडा, भांडी घासायची पावडर, ओट्याचे फडके. वहीची चार पाने भरली होती. शेवटच्या पानावर चार दिवसांच्या आठ जेवणांचा तक्ता होता.

बाई खुर्ची ओढून बसल्या. “मोठी, हे सगळे कोण करणार?”

“आम्ही दोघी आहोत ना, बाई. ताईपण येताहेत.”

“आणि भांडी?”

सूनबाई हसल्या. “भांडी इथेही मीच घासते ना बाईला सुट्टी असली की. त्यात काय?”

बाईंनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग त्यांनी जे सांगितले ते त्या घरात यापूर्वी कोणी ऐकलेले नव्हते. घरात कोणीही महाबळेश्वरचे नाव काढले की बाई म्हणत, “मी पाहिले आहे.” १९७४ च्या मे महिन्यात, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, त्या सासरच्या चौदा माणसांबरोबर तेथे गेल्या होत्या हे सर्वांना ठाऊक होते. सासऱ्यांच्या एका स्नेह्याचा बंगला होता. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, मूळ घरापासून वेगळे. साहेबांनी बांधलेल्या बंगल्यांची तशीच रीत होती. जांभ्या दगडाच्या भिंती, एक लहान खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. सासूबाई पाचला ताटे मांडायला सांगत, म्हणजे सूर्य असता सर्वांचे आटोपेल आणि मग मंडळी बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त पाहायला मोकळी. तसेच होई. सहाला मंडळी निघत. चौदा ताटे, पातेली, कढया मागे राहत आणि त्यांच्यापाशी थोरल्या जाऊबाई आणि बाई. राखेने घासून भांडी पालथी घालेपर्यंत अंधार पडलेला असे. सकाळी नवकारशीच्या आधी पुन्हा चूल.

“पाच दिवस होते आम्ही,” बाई म्हणाल्या. “रोज रात्री सगळे येऊन सांगायचे, आज सूर्य असा लाल होता, आज ढगात गेला. मी ऐकायचे. मग मलाच वाटायला लागले की मी पाहिला. महाबळेश्वर पाहिले म्हणते मी, पण मोठी, मी तिथली भिंत पाहिली.”

सूनबाईंचा हात डाळीच्या ताटात थांबला होता.

“ते वाईट होते असे नाही म्हणत,” बाई पुढे म्हणाल्या. “सासूबाई चांगल्या होत्या. नियम नीट पाळला जात होता. फक्त कोणाच्या हाताने पाळला जात होता, ते कोणी मोजले नाही.”

सकाळी दुधाच्या वेळी बाईंनी थोरल्या मुलाला सांगितले, की बंगला नको. त्याला प्रथम समजेचना. आईसाठीच तर बंगला पाहिला होता. तो व्यापाऱ्याच्या भाषेत बोलला, “बाई, हिशेब बसत नाही. ओटा नसेल तर तुम्ही जेवणार काय? तुमचा नियम आहे.”

“माझा नियम माझ्यापाशी. एका पोटासाठी अकरा पोटांचा ओटा मांडायचा नाही. मला खाखरे आहेत, फळे आहेत, मूठभर मूग उकडले की झाले. ते मूग आणि प्यायचे पाणी हा उकडेल.” बाईंनी नातवाकडे बोट केले. नातू मोबाईलवरून मान वर करून पाहतच राहिला.

धाकट्या भावाने सुचवले, की बंगलाच घेऊ आणि एक स्वयंपाकी बरोबर नेऊ. ते झाले नाही. हंगामात चांगला महाराज मिळणे कठीण, आणि मिळाला तरी त्याच्यामागे उभे राहायला कोणी लागतेच. ते कोण, हे आता सर्वांना कळत होते. मोठ्या सूनबाईंनी मात्र निराळाच हट्ट धरला. बाई कोरडे खाणार आणि आपण गरम पोळी खाणार, हे त्यांना मान्य होईना. दोन दिवस त्यावरून घरात अबोला नव्हे, पण एक प्रकारचा ताण राहिला. सूनबाई रात्री वही काढत, काही खोडत, पुन्हा लिहीत. अखेर बाई म्हणाल्या, “घरी मी एकासणे करते तेव्हा तू अडवतेस का?” त्यावर सूनबाईंना उत्तर सुचले नाही. वही कपाटात गेली.

जागा सापडली ती मुनीमजींमुळे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक जोडपे सहा खोल्यांची शाकाहारी खाणावळ-वजा उतरण्याची जागा चालवते, असे त्यांच्या पाहुण्यांकडून कळले. नवरा वसुली पाहतो, बायको स्वयंपाक. थोरल्याने या वेळी फोन लावला तो दाणे तळहातावर घेऊन बसल्यासारखा. ‘जैन मिळेल का’ हे त्याने विचारलेच नाही. सायंकाळी सहाला ताट वाढाल का? मसाल्याला आले-लसणाचे वाटण एकत्र असते की वेगळे? आमची भाजी वेगळ्या कढईत होईल का? मांसाहार कोणी खोलीत आणून खातो का? तळमजल्यावर एक खोली आहे का, की चार पायऱ्या चढाव्या लागतात? गाडी दारापर्यंत येते की बाजारातून चालत यावे लागते? सामायिकाला बसता येईल असा कोपरा आहे का? आणि खोलीत एक लहान शेगडी लावू द्याल का?

पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. “सहाला वाढीन. पण सहालाच या. तुमच्यासाठी गॅस दोनदा पेटवणार नाही. भाजी सकाळी विचारीन आणि तीच करीन. शेगडी चालेल, धूर चालणार नाही. आणि आधीच सांगते, खिडकीतून काही दिसत नाही आमच्या.”

ज्या दुकानदाराने स्वतःच्या मालाचे वैगुण्य आधी सांगितले, त्याच्याशी व्यवहार करावा, असे थोरल्याचे वडील म्हणत. त्याने बयाणा पाठवला.

पहिल्याच दिवशी मात्र शब्द मोडला तो पाहुण्यांकडून. पुण्याहून निघायला उशीर झाला. हंगामाच्या गर्दीत पसरणी घाटात मोटारींची रांग लागली. वळणांनी धाकट्या मुलीला ओकारी झाली. पावणेसातला गाडी पाचगणीच्याही पुढे सरकेना, तेव्हा थोरल्याने ती रस्त्याकडेला घेतली. मागच्या सीटवरचे डबे उघडले गेले. अकरा जणांनी गाडीच्या आडोशाला उभ्याउभ्या खाखरे, पुऱ्या आणि केळी खाल्ली, दोन घोट पाणी घेतले, चूळ भरली. समोरच्या डोंगराआड उजेड गेला तेव्हा बाईंचे पच्चक्खाण झालेले होते. मुक्कामी पोहोचले तेव्हा आठ वाजले होते. गृहिणी दारात उभी होती. “दहा ताटे वाढून ठेवली होती सहाला,” ती एवढेच बोलली. थोरल्याने त्या ताटांचे पैसे त्याच क्षणी पुढे केले. तिने ते मोजून घेतले, आणि ते योग्यच होते. अन्न शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना गेले असे तिने सांगितल्यावर बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

खिडकीतून खरोखरच काही दिसत नव्हते. शेजारच्या घराचा पत्रा आणि त्यावर वाळत टाकलेली घोंगडी. धाकट्याने तोंड वाकडे केले; मुलांना तलाव नव्हता. पण गार हवा होती. वाशीत मध्यरात्रीही पंखा लागत असे, येथे पहाटे बाईंनी शाल मागितली. समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर मे महिन्याची दुपारसुद्धा सहसा अंगावर येत नाही. सकाळी नातवाने शेगडी लावली. पाणी उकळले, ते गाळून निवत ठेवले, पाण्याचा काळ किती प्रहरांचा हे आजीकडून समजून घेतले. उन्हाळ्यात पाच, थंडीत चार, चातुर्मासात तीन. मूग मात्र पहिल्या दिवशी कच्चे राहिले. बाईंनी ते चावून चावून खाल्ले आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने ते आदल्या रात्रीऐवजी दुपारीच भिजवायला हवे होते का, असे आईला जाऊन विचारले. सूनबाई उठू लागल्या, तर बाईंनी डोळ्यांनीच बसवले.

दुपारी जुन्या महाबळेश्वरला जाऊन आले. पंचगंगेच्या मंदिरात ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यांतली कृष्णा पुढे वाईवरून सांगलीकडे जाते आणि तिच्या काठी आपल्या शेकडो दिगंबर शेतकरी घरांचे मळे आहेत, हे थोरल्याने मुलांना सांगितले. मुलांचे लक्ष माकडांकडे होते.

सायंकाळी सहाला ताटे वाढलेली होती. फुलके, तोंडलीची भाजी, मुगाची आमटी, भात. आमटीत काय काय आहे, हे गृहिणीने न विचारता सांगितले. साडेसहाला सर्वांचे आटोपले. बाईंनी आपले मूग आणि खाखरा संपवून चूळ भरली. ताटे उचलायला सूनबाईंचा हात सवयीने पुढे गेला, तोच आतल्या पोऱ्याने ती उचललीही. बाजारापासून बॉम्बे पॉइंट लांब नाही, पण त्या वेळी सारे महाबळेश्वर तिकडेच निघालेले असते. गाडी अलीकडेच सोडावी लागली. नातवाने आजीला हाताशी धरून नेले. कठड्याजवळ दाटी होती. कोणीतरी उठून बाईंना दगडी बाकावर जागा दिली. सूनबाई शेजारी टेकल्या.

कोकणाच्या बाजूला सह्याद्रीच्या रांगा एकामागून एक फिकट होत गेल्या होत्या. सूर्य त्यांच्यावर बराच वेळ टेकल्यासारखा राहिला आणि मग पाहता पाहता गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी छायाचित्रे काढली. गर्दी लगेच मक्याच्या कणसांच्या गाड्यांकडे वळली, कारण इतरांची जेवणाची वेळ आता सुरू होत होती. चोविहार केलेल्या माणसांना तिकडे काही काम नव्हते.

“लाल नव्हता तेवढा,” बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. “नारिंगी होता.”

मोठ्या सूनबाईंनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, मग पुन्हा पाहिले. कोठे पोहोचायचे होते ते त्यांना आठवत नव्हते. प्रतिक्रमणाची वेळ होत आली तसे बाईच उठल्या.

परत आल्यावर गृहिणी दारातच भेटली. तिला सकाळच्या बाजारासाठी विचारायचे होते. “उद्या भाजी कोणती करू?”

“यांना भेंडी चालते,” मोठ्या सूनबाई म्हणाल्या, “मुलांना फ्लॉवर नको, भाच्याला...”

“त्यांचे नका सांगू,” गृहिणी म्हणाली. “ते सगळे खातात, आज पाहिले मी. तुमचे सांगा.”

सूनबाई जरा वेळ उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. आतून बाईंच्या सामायिकाची घटिका उलटी केल्याचा आवाज आला.

“कारली,” त्या म्हणाल्या. घरात कोणी खात नाही म्हणून बावीस वर्षांत त्यांनी ती केली नव्हती.